कारणाचा रकाना

कंपनीच्या रजेच्या अर्जावर सात रकाने होते. नाव, टोकन नंबर, खातं, कधीपासून, कधीपर्यंत, एकूण दिवस आणि शेवटी 'कारण'. छत्तीस वर्षं असे अर्ज माझ्या टेबलावरून गेले. त्या सातव्या रकान्यात काय लिहिलेलं असणार हे मला अर्ज न उघडताही सांगता आलं असतं. 'घरगुती काम'. मुलीला बघायला पाहुणे येणार असोत, शेताची मोजणी असो, की नुसता अंगात कंटाळा भरलेला असो, शब्द तेच. श्रावण लागला की कोकणातल्या मंडळींचे अर्ज गठ्ठ्याने येत. त्यांच्यावर मात्र 'गणपती' असं ठसठशीत लिहिलेलं असे, कारण त्या कारणाला कुणी नाही म्हणणार नाही याची प्रत्येकाला खात्री होती.

तो रकाना कोरा ठेवलेला अर्ज परत जाई. कारखान्यांच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस भरले, की दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळे. म्हणजे ती रजा त्या माणसाने आधीच कमावलेली. तरी ती कशासाठी हवी हे त्याने सांगायचं आणि वरच्याने ते मान्य करायचं. सुरुवातीची आठ वर्षं मला यात काही वावगं वाटलं नाही. मी स्वतःच्या अर्जावरही तेच दोन शब्द लिहीत होतो.

मी १९७९ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका इंजिनिअरिंग कंपनीच्या टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून लागलो. हे खातं बाहेरच्या लोकांना फारसं माहीत नसतं. कारखान्यात माल कोण बनवतो, विकतो कोण, हे सगळे विचारतात. माणसांच्या वेळेचा हिशोब कोण ठेवतो हे कुणी विचारत नाही. तो आम्ही ठेवत होतो. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला भिंतीवर पंचिंगचं यंत्र होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचे रॅक. कामगाराने एका रॅकमधून आपलं कार्ड काढायचं, यंत्राच्या फटीत सारायचं, दांडा दाबायचा, खट्ट आवाज झाला की कार्ड दुसऱ्या रॅकमध्ये खोचायचं आणि खात्यात जायचं. यंत्रातली रिबीन दोन रंगांची होती, वर काळी, खाली लाल. सातच्या पाळीला सात वाजून पाच मिनिटं झाली की रिबीन आपोआप वर सरके आणि त्यापुढचा प्रत्येक ठसा लाल उमटे. तीन लाल झाले की अर्ध्या दिवसाची रजा गेली. सात वाजून सहा मिनिटांनी गेटमधून धावत आलेल्या माणसाचा चेहरा मी शेकडो वेळा पाहिला आहे. दांडा दाबताना तो डोळे मिटून घेई. मग कार्ड बाहेर काढून आधी रंग बघे, आकडा नंतर.

महिन्याच्या पंचवीस तारखेला क्लोजिंग. त्या रात्री आम्ही चौघं क्लार्क कार्डांचे ढीग समोर घेऊन बसायचो. मिनिटांचे तास, तासांचे दिवस, ओव्हरटाइमचे डबल. फॅसिटच्या मशीनचं हँडल फिरवून फिरवून मनगट दुखायचं. एकेका कार्डावर एका माणसाचा अख्खा महिना असे, आणि पहाटेपर्यंत नऊशे महिने आमच्या हाताखालून गेलेले असत.

सुरुवातीला मी पाळीत होतो तेव्हा त्या यंत्राचं घड्याळ आकाशवाणीच्या ठोक्यांवर लावणं हे माझं रोजचं पहिलं काम होतं. शेवटचा ठोका पडला की काटा बरोबर करायचा. ते करताना मला आजोबा आठवत. आजोबा परळच्या एका गिरणीत होते आणि त्यांच्या लहानपणी मुंबईत दोन वेळा चालत. सरकारने १ जानेवारी १९०६ पासून देशभर एकच प्रमाणवेळ धरली, पण मुंबईची आपली वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती आणि मुंबईकरांनी ती सोडली नाही. गिरणी कामगारांचा राग तर साधा होता. घड्याळ पुढे सरकलं म्हणून सूर्य काही लवकर उगवणार नव्हता, आणि भोंग्याला हजर राहायला माणसाला ३९ मिनिटं आधी, अंधारात उठावं लागणार होतं. मुंबईची वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालली. मी शाळेत जायला लागलो तेव्हा हे सगळं संपून गेलं होतं, पण आजोबांच्या बोलण्यात 'त्यांची वेळ' आणि 'आपली वेळ' हे शब्द शेवटपर्यंत होते. मला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटायची. टाइम ऑफिसात बसल्यावर ते शब्द हळूहळू कळू लागले.

आजोबांनी आणखी एक गोष्ट आम्हा नातवंडांना न चुकता सांगितली. रविवारची. आमच्या चाळीत नारायण मेघाजी लोखंडे हे नाव देवाच्या नावासारखं घेतलं जाई. लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा घेऊन जे मागितलं ते आज वाचलं तर डोळ्यांत पाणी येतं, इतकं ते थोडं आहे. आठवड्याला एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. एवढ्यासाठी सहा वर्षं गेली. १८९०च्या एप्रिलमध्ये त्यांनी मोठी सभा घेतली, तिच्यात दोन कामकरी बायकाही उठून बोलल्या, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मान्य झाली. आजोबा म्हणायचे, "रविवार आपल्याला देवाने दिलेला नाही, माणसाने मिळवून दिलाय."

मी हे जन्मभर ऐकलं होतं. पण अर्जांच्या गठ्ठ्यासमोर बसल्यावर एक साधी गोष्ट ध्यानात आली, आणि ती लक्षात यायला मला इतकी वर्षं लागली याचं आजही नवल वाटतं. रविवारचा अर्ज नसतो. रविवारी तू काय करणार आहेस असं कंपनी विचारत नाही. सगळ्या दिवसांत तेवढ्या एकाच दिवसाला कारणाचा रकाना नाही.

आता त्या माणसाची गोष्ट. त्याचं नाव मी सांगणार नाही, टोकन नंबर सांगतो, ११४७. मशीन शॉपला लेथवर होता, संगमेश्वरकडचा, वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. मी जनरल शिफ्टला आल्यावर माझं टेबल गेटकडच्या खिडकीशी आलं आणि दर तिसऱ्या आठवड्याला, त्याची साडेतीनची पाळी असली की तो मला दिसू लागला. गेटच्या बाहेर, रस्त्याच्या पलीकडे, रेन ट्रीखाली सिमेंटचा एक बाक होता. तीनला दहा कमी असताना तो तिथे येऊन बसे. डबा मांडीवर. साडेतीनला दोन-तीन मिनिटं कमी असताना उठे, रस्ता ओलांडे, कार्ड पंच करी. काळा ठसा, रोज. म्हणजे चाळीस मिनिटं आधी येऊन तो बाहेर बसत होता.

उन्हाळ्यात एकदा मी न राहवून गेटबाहेर गेलो. म्हटलं, "दादा, एवढ्या उन्हाचं इथे काय बसता? आत कँटीनला बसा, पंखा आहे, चहा मिळेल."

तो हसला. म्हणाला, "आत आलो की मी कंपनीचा, भाऊ. घरी असलो की घरचा. इथं बसलो तर कुणी विचारत नाही काय करतोस म्हणून."

त्याची बोटं तेव्हाही डब्यावर चालू होती. धा दिं ता, तिट कत गदि गन. तो भजनात पखवाज वाजवायचा. उजव्या हाताची बोटं डब्याच्या झाकणावर, डाव्या हाताचा तळवा डब्याच्या बुडाशी, आवाज जवळजवळ नाहीच. घरी दोन खोल्यांत सहा माणसं, तिथे पखवाज काढायची सोय नव्हती. पण तो रोज रियाजच करत होता असंही नाही. मी नंतर खिडकीतून बघत राहिलो. कित्येक दिवस बोटं थांबलेली असत आणि तो नुसता झाडाकडे बघत बसे. एका दिवशी रस्त्यावरून गेलेली प्रत्येक बैलगाडी, टेम्पो, सायकल तो मान वळवून बघत होता, लहान मूल बघतं तसा.

त्याच वर्षी, १९८७ साली, त्याचा रजेचा अर्ज आला. दोन दिवस. सातव्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'मला रजा हवी आहे'. साहेबांनी अर्ज परत पाठवला, कारण नमूद करावे म्हणून. मी त्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "भाऊ, हेच कारण आहे. दुसरं लिहिलं तर खोटं होईल." मी म्हटलं, "अहो, सगळे लिहितात." तो काही बोलला नाही. मग मीच माझ्या पेनाने त्याच्या वाक्यावर रेघ मारली आणि वर 'घरगुती काम' असं लिहिलं. रजा मंजूर झाली. ते अक्षर माझं होतं. त्याने खरं लिहिलेलं मी खोडलं, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

पुढच्याच आठवड्यात मी कंपनीची बस सोडली. ठरवून असं काही केलं नाही. पाच वाजता सगळे बसकडे निघाले आणि माझे पाय दुसरीकडे वळले. वागळे इस्टेटमधून तीन हात नाका, तिथून हरिनिवास, मग नौपाड्यातून गोखले रोडने ठाणे स्टेशन. चालत पाऊण तास. स्टेशनवरून कळव्याची गाडी, एकच स्टेशन. बसने आलो असतो तर अर्धा तास आधी घरी पोचलो असतो.

त्या पाऊण तासात मी काय केलं असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. मला काही सुचलं नाही, कुठला मोठा निर्णय झाला नाही, मी काही शिकलो नाही. नौपाड्यातल्या जुन्या बंगल्यांच्या कुंपणांवरून बाहेर आलेला पारिजात, गोखले रोडवर संध्याकाळी दुकानांचे लागणारे दिवे, कधी फारच मोकळं वाटलं तर स्टेशनात न शिरता तलावपाळीला एक फेरी. पहिले काही दिवस माझं डोकं सवयीने मिनिटं मोजत होतं. तीन हात नाका पाच बावीस. हरिनिवास पाच एकतीस. लाल की काळं, लाल की काळं. महिन्याभराने ते थांबलं. एकदा पावसात एका दुकानाच्या वळचणीला उभा असताना माझ्या ध्यानात आलं की किती वाजले हे मला माहीत नाही, आणि मनगट वर करावंसंही वाटत नाही. दिवसभर नऊशे माणसांची मिनिटं मोजणाऱ्या मला ती जाणीव किती मोठी होती हे शब्दांत नीट येत नाही. अंगावरचं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसं झालं.

घरी मात्र मी सांगत होतो, बस चुकली. किंवा महिनाअखेरीचं काम निघालं. बायको म्हणायची, "बरं, हातपाय धुऊन घ्या."

इथे मला बाबांचं सांगायला हवं, नाहीतर हे सगळं अर्धंच राहील. बाबाही गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा त्यांचं वय बावन्न होतं. अडीच लाख कामगार बाहेर पडले. दोन-तीन महिन्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते. त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. बाबांकडे एकाएकी सगळा वेळ आला. ते पहाटे साडेपाचला उठायचे, दाढी करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. सातच्या सुमाराला त्यांची मान एकदा गिरणीच्या बाजूला वळायची. भोंगा वाजत नव्हता. जिन्यावरून जाणारा-येणारा विचारायचा, "काय, सध्या काय?" ते म्हणायचे, "बघतोय." दिवसातून दहा वेळा, वर्षानुवर्षं, "बघतोय".

आपल्या भाषेत रिकामा वेळ आणि मोकळा वेळ हे दोन वेगळे शब्द आहेत ते उगीच नाहीत. बाबांचा वेळ रिकामा झाला होता. हातात पगार नाही, परतायला काम नाही, आणि प्रत्येक तासाचं उत्तर गल्लीतल्या प्रत्येकाला द्यायचं. माझ्या पाऊण तासाच्या मागे महिन्याचा पगार उभा होता आणि दुसऱ्या दिवशी परतायला काम होतं, म्हणून तो मोकळा होता. वेळेचं स्वातंत्र्य मनात असतं असं सांगणारे लोक भेटले की मला गॅलरीतली ती खुर्ची दिसते. पोटाची सोय नसलेल्या माणसाला हे सांगायचा हक्क कुणालाच नाही.

१९८६ साली लालबागची खोली सोडून आई-बाबा आमच्याकडे कळव्याला आले. दोन खोल्या, सहा माणसं. बायको घर सांभाळून साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायची. तिच्या वेळेचं कार्ड कुठल्याच रॅकमध्ये नव्हतं, त्यामुळे तो हिशोब मी कधी केलाच नाही.

१९९१ सालचा एक रविवार. दिवाळी जवळ आली होती, मी तिला मदत करावी म्हणून दळणाचा डबा उचलला. ॲल्युमिनियमचा मोठा डबा, झाकणावर तेलरंगात आमचं आडनाव. म्हटलं, "आज मी टाकून येतो. पाच किलो एकदमच दळून आणतो, तुझी फेरी वाचेल."

ती पटकन म्हणाली, "नको." मग जरा थांबून, "राहू दे ना. मी जाईन."

मी तरी गेलो. गिरणीवाल्याने डबा ओळखला. म्हणाला, "आज एवढं? वहिनी तर दोन किलोच आणतात. आठवड्याला दोनदा. दळण होईपर्यंत समोर देवळाच्या पायरीवर बसतात."

मी परत आलो, डबा जागेवर ठेवला. दिवसभर काही बोललो नाही. रात्री सगळे झोपल्यावर ती स्वयंपाकघरात ओटा पुसत होती, तेव्हा मी विचारलं, "पाच किलो मावतात त्या डब्यात. मग दोन-दोन किलो का नेतेस?"

तिने फडकं पिळून वाळत घातलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, दळणाला चालले म्हटलं की कुणी विचारत नाही."

मी तिथेच उभा राहिलो. संगमेश्वरचा तो माणूस बाकावर बसून जे बोलला होता, तेच शब्द माझ्या घरात माझी बायको बोलत होती. त्या माणसाला बाक तरी होता. हिला दर वेळी दोन किलो गहू न्यावे लागत होते, देवळाच्या पायरीवर अर्धा तास बसण्यासाठी. आणि तिच्याकडे तो रकाना कोण भरून मागत होतं? आई विचारायची, कुठे निघालीस. मुलं विचारायची. मीही विचारायचो, आणि मला ती काळजी वाटायची.

मग मी तिला खरं सांगितलं. म्हटलं, "माझी बस कधी चुकत नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "बसने येणाऱ्या माणसाच्या चपला अशा टाचेला झिजत नाहीत. चार वर्षांत तीनदा सोल लावलाय तुम्ही."

चार वर्षं तिला माहीत होतं. चार वर्षं तिने विचारलं नव्हतं. माझ्या त्या पाऊण तासात ती मुलांचा अभ्यास घेत होती, आईचं औषध बघत होती, संध्याकाळचा कुकर लावत होती. मी मोकळा चालत होतो तो वेळ आकाशातून पडला नव्हता, तिच्या खात्यातून वळता होत होता. टाइम ऑफिसात नऊशे कार्डांचा ताळा जुळवणाऱ्या माणसाला हे दिसायला हवं होतं.

त्या रात्री आम्ही गुरुवार ठरवला. गुरुवारी मी बसने यायचं, साडेपाचला घरी. सहा ते आठ तिचे. स्वयंपाक माझ्याकडे, मुलं माझ्याकडे. आणि जाताना कारण सांगायचं नाही. हे शेवटचं मीच घातलं. तिला ते आधी पटेना. म्हणाली, "आईंना काय सांगू?" मी म्हटलं, "काही सांगू नकोस."

पहिल्या गुरुवारी ती सहाला तयार झाली. हातात डबा नाही, पिशवी नाही. रिकाम्या हातांचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. तिने पदर दोनदा सारखा केला. आईने विचारलंच, "कुठे गं निघालीस या वेळी?" बायको उंबऱ्यात थबकली. मी काही म्हणणार इतक्यात बाबा बोलले. ते खिडकीशी खुर्चीवर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "जाऊ दे तिला. तिचा आज रविवार आहे."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. पण तीही गिरणगावात वाढलेली. तिने पुढे विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढच्या कुठल्या गुरुवारीही नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. पंचिंगचं यंत्र जाऊन स्वाइप कार्ड आलं, मग अंगठ्याचं यंत्र आलं. लाल शाई गेली, आता उशिराचा संदेश सरळ साहेबाच्या संगणकावर जातो. ११४७ साठ पूर्ण होण्याआधीच गावी गेला. त्याच्या शेवटच्या दिवशी, पाळी सुरू व्हायच्या आधी मी बाकावर त्याच्या शेजारी अर्धा तास बसलो. बोललो फार नाही. मी २०१५ साली निवृत्त झालो. सुरुवातीचे काही महिने मलाही सगळे विचारत, "मग आता काय करता?" आणि एकदा माझ्या तोंडून "बघतोय" निघालं, तेव्हा दचकलो. त्या दिवसापासून मी संध्याकाळचं चालणं पुन्हा सुरू केलं.

मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे, घरून काम करतो. लोकांना वाटतं केवढी मोकळीक. त्याच्या पडद्यावर नावाशेजारी एक हिरवा ठिपका असतो. जरा वेळ कळफलकाला हात लावला नाही की तो पिवळा होतो. परवा तो आमच्याकडे आला होता, जेवता जेवता उठून दोनदा कळफलकाला हात लावून आला. मी त्याला आजोबांच्या रविवारची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी त्याने ती नीट ऐकली. जाताना म्हणाला, "बाबा, आठवड्यातला एक तास तरी फोन घरी ठेवून बाहेर पडतो." मी त्याला विचारलं नाही कुठे जाणार. त्याच्या बायकोचा तास कोणता, हे मात्र विचारलं. तो गप्प झाला. आठ दिवसांनी सुनेचाच फोन आला, तिला मंगळवार मिळालाय.

आमच्याकडे गुरुवारी रात्री पिठलं-भात असतो. मला तेच चांगलं जमतं. बायको सहाला बाहेर पडते, आठला येते. कधी ती आल्यावर सांगते, देवळाच्या पायरीवर होते, खाडीवर गेले होते, मैत्रिणीकडे बसले होते. कधी काहीच सांगत नाही. तीस वर्षांहून जास्त झाली, मी विचारलेलं नाही.